मुकादमाचा कोयता मोजायचा राहिला

श्रीमंत मुकादम जन्मात कधी सहलीला गेला नव्हता. तरीही नगरच्या सावेडीतल्या लोकांना सहलीला न्यायचं काम त्याच्या गळ्यात पडलं, यात दोष कुणाचा काढायचाच असेल तर त्याच्या लेकीचा काढावा. रोहिणीनं आणि जावयानं मिळून ट्रॅव्हलर घेतली होती. लग्नाची वऱ्हाडं काही बारमाही मिळत नाहीत, म्हणून रविवारी एका दिवसाच्या सहली काढायचं ठरलं. सकाळी नगर सोडायचं, जिल्ह्यातलंच काहीतरी बघायचं आणि रात्री झोपायला घरी. आता या सहली आखणार कोण? गाव सोडून लेकीकडं राहायला आल्यापासून श्रीमंत गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांना मनातल्या मनात शिस्त लावत होता. माणसं गोळा करायची, गाडीत घालायची आणि वेळेवर पोचवायची, हेच तर त्यानं उभा जन्म केलं होतं. फक्त ती माणसं ऊस तोडायला चाललेली असायची. रोहिणीला हा फरक बारीकसा वाटला.

श्रीमंतचं गाव पाथर्डीच्याही पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. दिवाळी झाली की अर्ध्या गावाला कुलूप लागायचं. जोडपी, पोरंबाळं, कोंबड्या, शेळी, पाण्याचं पिंप, सगळं एका ट्रकवर चढायचं आणि कारखान्याच्या वाटेला लागायचं. या टोळीचा मुकादम श्रीमंत. टोळीत माणसं डोक्यांवर मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळी बांधणार. एकटा आला तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याकडं मुकादम जरा संशयानंच बघतो. पहाटे श्रीमंत ट्रकभोवती फिरत मोजणी करायचा, "पुंजारामचा कोयता, हाय. भिमाजीचा कोयता, हाय." मोजून झालं की ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी बसलेली त्याची बायको भीमाबाई एकदा पोरं, कोंबड्या, म्हाताऱ्या सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि फाळका बडवून हाळी द्यायची, "झालं, हाना!" ती हाळी आल्याशिवाय श्रीमंत कधी केबिनमध्ये चढला नाही.

आणि इतक्या वर्षांत स्वतःचा कोयता मात्र त्यानं एकदाही मोजला नाही. त्यात मोजायचं काय? मुकादम मोजतोच आहे आणि मुकादमीण हाळी देतेच आहे. एवढं ध्यानात असू द्या, पुढं सगळा घोटाळा इथंच होणार आहे.

पहिली सहल कर्जतकडं निघाली. सिद्धटेकचा गणपती आणि रेहेकुरीची काळविटं. गाडी पहाटे चारला सुटणार, असं श्रीमंतनं फर्मान काढलं.

"आबा, ते सहलीला चाललेत, तोडीला नाही," रोहिणी म्हणाली.

"उनाच्या आत फडात पाय पायजे."

"फड नाहीये तिथं. हरणं आहेत."

"मंग हरनं काय दुपारपस्तोर तुमची वाट बघत थांबनार हाईत व्हय?"

गाडी चारलाच सुटली. आणि खरं सांगायचं तर काळविटं दिसलीही. पिवळ्या गवतात अख्खा कळप उभा, काळा नर मान वळवून बघतोय, सावेडीकरांनी श्वास रोखून मोबाईल वर धरलेले, आणि नेमकी तेव्हाच श्रीमंतच्या हिशेबानं काळविटांची वेळ संपली. त्यानं गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि छातीतला सगळा वारा तिच्यात ओतला. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत नुसतं गवत आहे.

दुसरी सहल शिंगणापूरची. देवदर्शन शिट्टीच्या तालावर उरकलं. येताना घोडेगाव लागलं, आणि नशीब असं की त्या दिवशी जनावरांचा बाजार भरलेला. श्रीमंत म्हणाला, "पाचच मिनटं," आणि जो खाली उतरला तो गर्दीत दिसेनासाच झाला. शेवटी सापडला तेव्हा एका खिलार बैलाचा ओठ वर करून दात बघत होता. बैल घ्यायचा नव्हता, ठेवायला जागा नव्हती, पण दात बघून झाल्यावर त्यानं शिंगं बघितली, मग खूर, मग चाल. गाडीत यज्ञेश्वरकाका बसले होते. हे संस्कृत शिकवून निवृत्त झालेले मास्तर. घराण्यात पिढ्यान् पिढ्या भिक्षुकी, त्यामुळं बोलणं एकदम शुद्ध आणि नेमकं जिथं लागायचं तिथं लागणारं. ते खिडकीतून म्हणाले, "श्रीमंतराव, देवाला दहा मिनिटं आणि बैलाला तास, हे कुठल्या शास्त्रात बसतं?"

हे वाक्य दुसऱ्या दिवशी सहलीच्या ग्रुपवर आलं, आणि त्याच्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. रोहिणी हसली नाही. तिनं बापाला समोर बसवलं.

"आबा, ही तिसरी सहल शेवटची संधी. परत तक्रार आली तर आखणी निकिताकडं देणार. ती लॅपटॉपवर करते सगळं."

निकिता म्हणजे जावयाची बहीण, नुकती कॉलेज संपवून बसलेली. आपलं मुकादमपण त्या पोरीच्या हाती जाणार, हे श्रीमंतला काही पटेना. त्यानं ठरवलं, तिसरी सहल अशी काढायची की लोकांनी नाव काढलं पाहिजे. भंडारदरा काढायचा. गणपती नुकतेच उठले होते, धरण काठोकाठ भरलेलं, डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले. आणि एकाच दिवसात तिथलं काही म्हणता काही सोडायचं नाही.

भीमाबाई सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. त्यातल्या दोन मुठी घेऊन श्रीमंतनं फरशीवर सगळा रस्ता मांडला. ही शेंग नगर. ही राहुरी, हे कोल्हार, हे संगमनेर, हे अकोलं, हे राजूर. भंडारदऱ्यापाशी मात्र त्यानं ढीगच घातला. रंधा धबधबा, रतनवाडीचं जुनं देऊळ, धरणाची भिंत, फुलांचं पठार, पाण्याचा काठ, आणखी कुणी सांगितलेली दोन-तीन टोकं. उसाची गाडी भरताना दोन मोळ्यांमध्ये बोट शिरायला जागा ठेवायची नसते. श्रीमंतनं दिवससुद्धा तसाच भरला.

भीमाबाईनं ढिगातली एक शेंग उचलली. "ह्यो भंडारदरा?"

"व्हय."

"परवरंचं पानी हितलंच न्हवं?"

"हितलंच."

तिनं शेंग हातात फिरवली, पण फोडली नाही. मग म्हणाली, "मी येनार."

श्रीमंतनं मान वर करून बघितलं. आधीच्या दोन्ही सहलींना त्यानं बोलावलं होतं, तेव्हा भीमाबाईनं साफ नाही म्हटलं होतं. जल्मभर ट्रकात बसून पायाला भवरा बांधला हुता, आता बसू द्या घरात, असं तिचं म्हणणं. पण भंडारदऱ्याची गोष्ट वेगळी होती. कोल्हारच्या अलीकडं, प्रवरेच्या कालव्याच्या कडेला, त्यांच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कित्येक हंगाम पडल्या होत्या. संध्याकाळी फडातून आली की ती त्या कालव्यावर भांडी घासायची, कपडे आपटायची. गावाकडं टँकरमागं घागर घेऊन पळायचं, आणि इथं पाणी रात्रंदिवस असंच वाहतंय, याचा तिला रागही यायचा आणि मौजही वाटायची. "कुठनं येतं वं येवढं?" ती विचारायची. "भंडारदऱ्यातनं. दावीन येकदा," श्रीमंत म्हणायचा. तेव्हा रोहिणी झोळीत होती. आता रोहिणीची मनवा शाळेत जाते. दाखवायचं मात्र राहूनच गेलं.

"पर मी तिथं बसनार," भीमाबाई म्हणाली.

"बस की."

"नुसती बसनार. काठावर. काम न्हाई, धाम न्हाई. आन शिट्टी न्हाई."

"अगं बस म्हनलं न्हवं? तुला लागंल तेवढं बस."

"न्हाई, घोडेगावात बैलाचं दात बघाया तुमाला लई येळ हुता, म्हून आपलं इचारलं."

श्रीमंतनं ढिगातली एक शेंग उचलून फोडली आणि खाऊन टाकली. बहुतेक ती रतनवाडी होती, पण सहलीतून ती काही कमी झाली नाही.

रविवारी गाडी सुटली ती अंधारातच. स्टेअरिंगवर ड्रायव्हर गोरक्षनाथ, त्याच्या शेजारी श्रीमंत, मागं सगळी सावेडीची जोडपी. यज्ञेश्वरकाका आणि त्यांच्या पत्नी इंदूकाकू बरोबर मधल्या सीटवर. सगळ्यात मागं, पातेली, सतरंज्या आणि भाकरीच्या दुरड्या यांच्यात अंग चोरून भीमाबाई. निघण्याआधीच एक अडचण उभी राहिली. अनिमेष आणि अनन्या या नव्या जोडप्याचं जिन्यातच काहीतरी बिनसलं होतं. ती पुढं बसली, तो मागं. श्रीमंतची मोजणी तिथंच अडली. फुटका कोयता धरायचा कसा? तो मागं गेला, अनिमेषला दंडाला धरून उठवलं आणि आणून अनन्याच्या शेजारी बसवलं.

"भांडान करा," तो म्हणाला, "पर येका सीटवर बसून करा."

अख्खी गाडी हसली. त्या दोघांनाही मग हसावंच लागलं. संगमनेर यायच्या आत अनन्याचं डोकं अनिमेषच्या खांद्यावर होतं, आणि श्रीमंत आरशातून ते बघून मिशीतल्या मिशीत खूश होत होता. मोजून झालं: सात कोयते, एकही फुटका नाही.

कोल्हारजवळ उजाडलं. मागून भीमाबाईचा आवाज आला, "आवं, बघा! आपली कोपी हितंच पडायची!" श्रीमंतनं वळून पाहिलं, तोवर कालवा मागं गेला होता आणि खिडकीत कुठल्याशा ढाब्याची पाटी होती. "व्हय व्हय," तो म्हणाला आणि घड्याळाकडं पाहिलं.

घड्याळ त्या दिवशी त्याच्याशी वैर धरून होतं. रंध्याला पाणी इतकं होतं की लोक रेलिंगवरून हलेनात. शिट्टी. रतनवाडीच्या देवळात यज्ञेश्वरकाका प्रत्येक खांबापाशी थांबले आणि प्रत्येक मूर्तीबद्दल सविस्तर बोलले. शिट्टी, आणि परत शिट्टी. देवळाच्या आवाराबाहेर जेवणं झाली. भीमाबाईनं वाढलेली बाजरीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याचा ठेचा खाऊन माणसं इतकी तृप्त झाली की दोघं-तिघं सतरंजीवर आडवीच पडली. तिथं शिट्टीनं भागलं नाही, हलवून उठवावं लागलं. सगळं उरकून गाडी धरणाच्या काठाला लागली तेव्हा उन्हं कलली होती, आणि श्रीमंतच्या हिशेबात पाण्यासाठी उरला होता जेमतेम चहा पिण्याएवढा वेळ.

भीमाबाई कुणाला काही न बोलता खाली उतरली. फोटो काढणारे मागं टाकून, दगडांवरून जपून पाय ठेवत ती एका वळणापलीकडं गेली. तिथं एक मोठा सपाट दगड होता. ती बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघत राहिली. श्रीमंतनं ते वरून पाहिलं. एवढं पाणी, त्याच्यात उलटे पडलेले डोंगर, आणि काठावर हिरव्या लुगड्यातली त्याची बायको, जिला त्यानं आजवर कधी रिकामं बसलेलं पाहिलंच नव्हतं. त्याला बरं वाटलं. बसू दे, म्हणाला मनात, तिला सगळ्यांत शेवटी हाक मारू.

आणि तो रस्त्याकडं वळून माणसं गोळा करायला लागला. शिट्टी वाजली. दमलेली मंडळी एकेक करून गाडीत चढली. श्रीमंत दाराशी उभा राहून बोटानं मोजत गेला. मास्तरांचा कोयता, हाय. अनिमेषचा, हाय. सात. पुरे. तेवढ्यात गाडीत मागून बाईमाणसाचा आवाज आला, "झालं हो सगळे! चला आता!" ओरडल्या होत्या इंदूकाकू, कारण त्यांचे पाय दुखत होते आणि त्यांना घर दिसत होतं. पण सगळ्या हयातीत गाडीच्या मागून बाईची हाळी आली की निघायचं, एवढं एकच श्रीमंतला माहीत. तो सवयीनं पुढं चढला.

"हान गोरक्षा," तो म्हणाला.

राजूरला पेढ्यांसाठी गाडी थांबली. सगळे दुकानात शिरले. श्रीमंत गाडीला टेकून उभा राहिला. ठरल्या वेळेच्या आधी राजूर, एकही माणूस कुरकुरलेलं नाही, निकिताला तिचा लॅपटॉप लखलाभ! छाती अशी फुगलेली असतानाच रोहिणीचा फोन आला.

"आबा, कुठवर आलात?"

"राजूर. येळंच्या आधी."

"अरे वा! आणि आई? तिला आवडलं का? द्या बरं तिच्याकडं."

"देतो की," म्हणत श्रीमंत फोन कानाला लावूनच गाडीत चढला आणि मागच्या सीटपाशी गेला. तिथं सतरंज्यांची गुंडाळी होती. पातेली होती. भीमाबाईची पिशवी होती. तो खाली उतरला, पेढ्यांच्या दुकानात डोकावला. गाडीला एक फेरी मारली. चाकांच्या मधूनही बघितलं, कशासाठी ते त्याचं त्यालाच माहीत.

"आबा? देताय ना?"

"ती... ती पेढं घेतीया."

"मग थांबते मी."

"थांबू नगं. लई गर्दी हाय," असं म्हणून त्यानं फोन बंद केला. मग भीमाबाईचा नंबर लावला. मनवानं आजीच्या मोबाईलला कोंबड्याच्या आरवण्याची रिंग लावून दिली होती. मागच्या सीटवर पिशवीत कोंबडा आरवायला लागला. आरवत राहिला, आणि पेढे खात खात परत आलेली सगळी मंडळी दारातच थबकली.

"श्रीमंतराव," यज्ञेश्वरकाका हळू आवाजात म्हणाले, "निघताना मोजणी केली होती ना?"

"केली न मास्तर. सात कोयतं. माझ्या हातानं मोजलं."

"आणि तुमचा?"

श्रीमंत एकदम ताठ झाला. "मुकादमाचा कोयता मोजीत न्हाईत," तो म्हणाला. इतकी वर्षं हे वाक्य त्यानं कुणाला मोठ्यानं म्हणून दाखवलं नव्हतं, तशी वेळच आली नव्हती. आज पहिल्यांदाच ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तो गाडीच्या पायरीवर मटकन खाली बसला.

मुकादम भ्याला होता. टोळीत मारामाऱ्या झाल्या, ट्रक उलटला, कारखान्याचे लोक अंगावर आले, तेव्हा भ्याला नव्हता, तो आता भ्याला. ती तिथं एकटी. फोन नाही, ओळख नाही, दिवस उतरणीला. आणि त्याच्या डोळ्यांपुढं तो फाळका यायला लागला. किती हंगाम, किती ट्रक, पण एक पोर मागं राहिलं नाही, एक कोंबडी राहिली नाही, कारण ती मागं बसून बघत होती. तिच्याकडं बघायला कुणीच नव्हतं. ज्यानं बघायचं तो पुढं केबिनमध्ये बसत होता.

आता लोकांना माघारी फिरा म्हणायचं कोणत्या तोंडानं? सगळी आखणी गेली, घरी पोचायची वेळ गेली. तो खाली मान घालून बसला. इंदूकाकूंनी पेढ्यांचा पुडा पिशवीत टाकला आणि त्या सरळ गाडीत चढल्या. "ओरडले मी ना," त्या म्हणाल्या, "मला काय माहीत माझं ओरडणं इतकं चालतं म्हणून! आता बसता का सगळे, का मीच शिट्टी मारू?" कुणी कुरकुरलं नाही. अनन्यानं तर खिडकीच्या कडेची जागा श्रीमंतला दिली. पण तो बसला नाही, सगळा रस्ता दांडीला धरून उभाच राहिला आणि दर वळणाला "हान गोरक्षा, हान" म्हणत राहिला.

धरणाशी गाडी पुरती थांबायच्या आत त्यानं उडी मारली. चप्पल तिथंच राहिली. गळ्यातली शिट्टी छातीवर आपटतेय, धोतराचा सोगा दगडात अडकतोय, असा तो वळणापर्यंत धावला.

भीमाबाई त्याच दगडावर होती. पाय पाण्यात सोडले होते. शेजारी अर्धं खाल्लेलं भाजलेलं कणीस आणि चहाचा रिकामा कागदी कप. वरच्या टपरीवाल्या पुष्पावतीनं तिला एकटी बसलेली बघून आणून दिला होता, हे मागाहून कळलं.

"भीमे!" श्रीमंत ओरडला.

"आलात व्हय?" ती मागं वळली नाही. "लई लौकर आलात."

श्रीमंत कमरेवर हात ठेवून नुसताच धापा टाकत राहिला.

"अगं गाडी गेली! तुला दिसली न्हाई?"

"दिसली की. हितनं समदा रस्ता दिसतूया."

"मंग हाळी का न्हाई दिलीस?"

"हाळी दिली असती तर बसले असते का मी?" भीमाबाईनं आता त्याच्याकडं बघितलं. डोळ्यांत हसू होतं, पण नुसतंच हसू नव्हतं. "तुमी येनार, ते ठावं हुतं मला. म्हनलं, जायाला आन माघारी यायाला तुमास्नी जेवढा येळ लागंल, तेवढा आपला."

श्रीमंतला रागवायचं होतं. सगळ्या रस्त्यानं त्यानं राग जमवून आणला होता, तो ऐन वेळी सापडेना.

"मोजायची इसरलो गं तुला," तो म्हणाला. "आजच न्हाई. कंदीच मोजलं न्हाई म्या."

"म्हाईत हाय मला." ती पाण्यात पाय हलवत म्हणाली. "म्या मोजीत हुते न्हवं का, दोघास्नी."

ती दगडावर जरा सरकली. श्रीमंत तिच्या शेजारी बसला आणि त्यानंही पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. त्यानं "आग्गं!" करून पाय वर घेतले, तशी भीमाबाई मोठ्यानं हसली. मागून सावेडीची मंडळी दगडांवरून खाली येत होती. कुणी तिथं बसलं, कुणी इथं. यज्ञेश्वरकाका अगदी काठाला जाऊन बसले आणि आश्चर्य म्हणजे कशाबद्दलच काही बोलले नाहीत. इंदूकाकूंनी पुडा उघडून पहिला पेढा भीमाबाईच्या हातावर ठेवला.

"हेच पानी तिकडं येतं?" भीमाबाईनं विचारलं.

"हेच."

"आन मी त्यात भांडी घाशीत हुते." तिला त्याचं फार हसू आलं, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

श्रीमंतच्या खिशात फोन वाजायला लागला. रोहिणीचा होता. त्यानं तो घाबरून यज्ञेश्वरकाकांच्या हातात दिला. काकांनी फोन घेतला आणि आपल्या शुद्ध भाषेत म्हणाले, "रोहिणी, तुझे वडील सध्या कामात आहेत. उशीर होईल. नाही, तक्रार कसली? आमची सहल आत्ता कुठं सुरू झाली आहे. पुढची सहल याच मुकादमांनी आखावी, पण त्यात ठिकाण एकच असावं." त्यांनी फोन बंद करून श्रीमंतच्या मांडीवर ठेवला आणि ते पुन्हा पाण्याकडं बघायला लागले.

सूर्य डोंगराला टेकला, तसा श्रीमंतचा हात आपोआप शिट्टीकडं गेला. भीमाबाईनं बघितलं आणि तळवा पुढं केला. श्रीमंतनं एक क्षण विचार केला. मग गळ्यातली दोरी काढली आणि शिट्टी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती कमरेला खोचली आणि पुन्हा पाण्याकडं तोंड करून बसली. किती वेळ बसायचं, हे कुणी विचारलं नाही.

तिचं मन भरलं तेव्हा तीच उठली. लुगडं झटकलं, कणसाचं उरलेलं बुरखुंड उचललं, आणि सगळ्यांच्या पुढं चालत जाऊन गाडीत मागं आपल्या जागेवर बसली. मग बाकीचे चढले. श्रीमंत दाराशी उभा राहिला. त्यानं बोट वर केलं, ते आधी थेट मागच्या सीटकडं नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुकादमाचा कोयता, हाय." मग मास्तरांचा, मग अनिमेषचा, मग बाकीचे. आठ झाले. मोजून झालं तरी तो जागचा हलला नाही. इंदूकाकूंनी तोंडावर हात ठेवला होता. गोरक्षनाथ आरशात बघत थांबला होता. गाडीत कुणी चुळबूळ करेना.

मागून पातेल्यावर तीनदा उलथनं आपटल्याचा आवाज आला.

"झालं," भीमाबाई म्हणाली. "हाना!"